शब्बाथला वाजलेला फोन

३ नोव्हेंबर, सोमवार

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच ठेवून देशील, हे मला माहीत आहे. पण तुझ्या बायकोला तेवढा दम निघायचा नाही. ती फोडेल आणि तू पेपर वाचायचं सोंग करत बसलास की मोठ्याने वाचून दाखवेल. म्हणून सुरुवात तिच्यापासून. बाई, गुडघा कसा आहे? मी पाठवलेलं मलम लावतेस, की पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलंयस?

आता तू. लंबूच्या पहिल्या स्मरणदिनाला तू इथे आलास, प्रार्थनागृहात मधल्या रांगेत बसलास आणि उठून गेलास, त्यानंतर आपण बोललेलो नाही. रब्बींनी लंबूचं नाव घेतलं, कद्दिश, गेलेल्यांसाठीची प्रार्थना, झाली आणि मी उभी राहिले. ज्या आठवड्यात आपला लंबू बसथांब्यावर बॉम्बने गेला, त्याच आठवड्यात सरहद्दीपलीकडे आपल्या बॉम्बने गेलेल्या तीन मुलांची नावं मी वाचली. तू टोपी उचललीस. दाराशी थांबून म्हणालास, "ताई, माझ्या पोराच्या शेजारी त्यांना बसवलंस?" मी म्हटलं, "हो, बसवलं." झालं. एवढ्यावर भावाबहिणीचं नातं तुटलं.

त्या उत्तराबद्दल मी माफी मागणार नाही. लंबूच्या शेजारी आणखी तीन पोरं बसली म्हणून लंबूची जागा कमी होत नाही. फार तर मी तुला आधी विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, आणि मी तरी वाचलीच असती. तुझी बहीण आहे मी, लाकडासारखी ताठ.

हे पत्र भांडण उकरून काढायला नाही. एक काम आहे, ते पुढच्या पत्रात लिहीन. आधी या पत्राचं काय होतं ते पाहू.

ताई

१७ नोव्हेंबर, सोमवार

धाकट्या,

पत्र परत आलं नाही, म्हणजे फोडलं असणार. मला तेवढं पुरे.

प्रार्थनागृहाच्या तळघरात आमचं काम चालतं. पूर्वी तिथे मोडक्या खुर्च्या ठेवायचे. आता एका भिंतीला औषधांची खोकी आहेत, दुसऱ्या भिंतीला लहान मुलांचे स्वेटर आणि मधल्या टेबलावर मी. औषधाचं दुकान विकल्यापासून हाताला काम नव्हतं, ते देवाने असं दिलं. आमच्यात इतिहास शिकवणाऱ्या बाई आहेत, त्या प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी चिकटवताना भाषण करतात. एक सुतार आहे, तो बोलत नाही, त्यामुळे दोघांचं छान जमतं. आणि आमचे रब्बी, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, बारमाही सर्दी झालेले. शुक्रवारी दुपारी आम्ही सगळे चौकात पाट्या घेऊन उभे राहतो. पाटीवर एवढंच लिहिलेलं असतं, की मूल कुणाचंही मेलं तरी आम्ही शोक करतो. लोक काय म्हणतात ते तुला सांगायला नको, तूच एकदा म्हणाला होतास. गेल्या शुक्रवारी एकाने अंडं मारलं. ते रब्बींच्या कोटावर फुटलं. रब्बी नाक ओढत म्हणाले, "उकडलेलं मारलं असतं तर बरं झालं असतं, दुपारचं जेवण राहिलंय." अशा माणसाबरोबर काम करायला मजा येते.

हे सगळं पलीकडे नेणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर त्यांच्यातला आहे. इथे वाढलेला, पण माणसं पलीकडची. त्याची मेहुणी पलीकडच्या दवाखान्यात नर्स आहे. तिने कळवलं की मुलांच्या वॉर्डात इन्सुलिन संपत आलंय. ते मी जमवलंय. थंड पेट्यांत भरून, सील करून, प्रत्येक पेटीवर माझी सही घालून पाठवणार आहे. बर्फ वितळला की ते फुकट जातं, म्हणून सरहद्दीच्या नाक्यावर खोळंबा व्हायला नको.

आता काम. तो नाका तुझा. तिथे तू उभा जन्म नोकरी केलीस, अजूनही तिथले अधिकारी तुला साहेब म्हणतात. तुझ्या घरातून नाक्याचा दिवा दिसतो. ट्रक डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी पोचेल. तू जाऊन नुसता उभा राहिलास तरी गाडी सुटेल. मदत माझ्यासाठी करू नकोस. पलीकडच्यांसाठी तर तू करणारच नाहीस. मग कुणासाठी करायची, ते तूच ठरव.

एक गंमत सांगते. रब्बींनी मला शब्बाथला फोन चालू ठेवायला सांगितलंय. मला! शुक्रवारी संध्याकाळी मेणबत्त्या लावल्यापासून शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत मी दिव्याच्या बटणाला हात लावत नाही, हे तुला ठाऊक आहे. रब्बी म्हणाले, "जीव वाचवायचा असेल तेव्हा शब्बाथ मोडायचा असतो. मोडला तर चालतो असं नाही, मोडायलाच हवा. सही तुमची आहे, तेव्हा फोनही तुमच्याकडेच. वाजला तर उचला." मी म्हटलं, हे मला शिकवू नका, आमच्या बाबांनी हे करून दाखवलंय. आठवतं ना? तुला घटसर्प झाला होता. भर शब्बाथला बाबांनी शेजारच्यांची गाडी काढायला लावली आणि तुला मांडीवर घेऊन दवाखान्यात गेले. तुझा श्वास मोकळा झाल्यावर परत आले ते पायी, भर उन्हात. जाताना गाडी देवाची, येताना पाय माझे, म्हणाले.

तर परवा शब्बाथला फोन वाजला. मी धावले, उचलला. चुकीचा नंबर लावून एक बाई विचारत होती, सोफ्याची गादी किती दिवसांत शिवून मिळेल!

ताई

३० नोव्हेंबर, रविवार

धाकट्या,

काल पुन्हा वाजला. चौघी जणी जेवायला होत्या माझ्याकडे. मी हात पुसत उठले, सगळ्यांसमोर फोन उचलला. विमा विकणारा पोरगा होता. म्हणे, बाई, तुमच्या पश्चात घरच्यांचं काय? मी म्हटलं, घरचे बोलत नाहीत, त्यांचं छान चाललंय.

मैत्रिणी हसून हसून लोळल्या. इतिहासाच्या बाई म्हणाल्या, "सत्तर वर्षं पाळलेला शब्बाथ तुम्ही विम्याच्या पॉलिसीसाठी मोडलात." मीही हसले. पण त्या गेल्यावर बसून राहिले. मेणबत्त्यांचं मेण बशीत साचलं होतं, त्याकडे पाहत होते. मला फार वाईट वाटलं. खरं सांगू का, लाज वाटली. लंबू गेल्यावर तू देवाशी बोलणं बंद केलंस, मग माझ्याशी. माझं तसं नाही. मला एकच दिवस असा असतो, ज्या दिवशी जगातलं काहीही माझ्या दारात येत नाही. लंबू गेला तेव्हासुद्धा मी त्या एका दिवसाच्या आधाराने उभी राहिले. त्या दिवसात आता गादीवाली बाई आणि विमावाला पोरगा शिरलाय.

उद्या ट्रक निघतो. पेट्या मी स्वतः भरल्या. सुताराने त्यांना आतून लाकडी कप्पे करून दिलेत, म्हणजे हादरे बसले तरी बाटल्या एकमेकींवर आपटणार नाहीत. शुक्रवारी सकाळी गाडी नाक्यावर असेल.

तुझं उत्तर नाही. नसू दे.

ताई

७ डिसेंबर, रविवार

धाकट्या,

ट्रक नाक्यावरून परत फिरला. वाटेत रस्ता बंद होता म्हणून तो शुक्रवारऐवजी शनिवारी पोचला. अधिकाऱ्याने पेट्या अडवल्या. सही करणाऱ्या बाईने स्वतः फोनवर सांगावं पेट्यांत काय आहे, तर सोडतो, म्हणाला. त्याची पाळी दुपारी संपणार होती, आणि पुढचा माणूस ऐकणारा नव्हता. फोन लागला नाही. म्हणजे फोन ड्रॉवरमध्ये होता आणि मी आतल्या खोलीत, त्यामुळे ऐकू आला नाही. स्वेटर आणि मलमपट्ट्या तेवढ्या पलीकडे गेल्या. थंड पेट्या परत आल्या.

ही सगळी हकीकत रब्बींनी सांगितली, त्यांना ड्रायव्हरने कळवली. मी त्यांनाही ड्रॉवरचंच सांगितलं. ते म्हणाले, होतं असं. आणि नाक शिंकरत राहिले.

तुला हे का लिहिते आहे, कळत नाही. तू काही गेला नसशीलच.

ताई

११ डिसेंबर, गुरुवार

धाकट्या,

ड्रायव्हर आज आला. पेट्या आत आणून टेबलावर ठेवल्या आणि टोपी हातात घेऊन उभा राहिला. मी म्हटलं, बस, चहा घे. तो बसला नाही.

म्हणाला, "तुमचे भाऊ आले होते."

मी झाकण उघडत होते, ते तसंच हातात राहिलं.

"सकाळीच आले," तो म्हणाला. "मला ओळखत नव्हते, तरी सरळ माझ्याकडे आले. म्हणाले, पेट्या कुठेत? घरून बर्फ आणला होता, दोन बादल्या. पेट्यांचं सील मोडायचं नाही म्हणून बाहेरून सगळीकडे थापला आणि आपला कोट काढून वर टाकला. मग आत जाऊन अधिकाऱ्याशी बोलले. अधिकारी म्हणाला, साहेब, तुमचा शब्द मला चालतो, पण कागदावर नाव बाईंचं आहे, एकदा त्यांच्या तोंडून ऐकवा. भाऊ म्हणाले, ऐकवतो, बहीण आहे माझी. नाक्यावरच्या फोनवरून त्यांनी स्वतः नंबर फिरवला. मला नंबर सांगावा लागला नाही, त्यांना पाठ होता."

पुढचं मी विचारलं नाही. त्याने सांगितलं तरी.

"दोनदा लावला. मग रिसीव्हर खाली ठेवला आणि हसले. म्हणाले, शब्बाथ आहे, ती नाही उचलणार. कोट उचलला, झटकला आणि गेले. बादल्या तिथेच राहिल्यात."

धाकट्या, फोन ड्रॉवरमध्ये नव्हता. माझ्यासमोर टेबलावर होता, रुमालाखाली. मी आतल्या खोलीत नव्हते, खुर्चीत बसले होते. तो वाजला. मला वाटलं, पुन्हा गादीवाली. बरं, सगळं खरं सांगते. मला तसं वाटलं नाही. मला वाटलं, गादीवाली असेल किंवा नसेल, पण आज नको. आज मला माझा दिवस हवा होता. शुक्रवारी सकाळी ट्रक सुटला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. सुटला अशी बातमी आली नव्हती, हे मला माहीत होतं. वाजायचा थांबला तेव्हा मला हायसं वाटलं. मग पुन्हा वाजला, आणि मी रुमालाचं टोक सरळ केलं.

मी शब्बाथ पाळला. जीव वाचवायला तो मोडायला हवा, हे आपल्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही, आणि मी तो पाळला. देवासाठी पाळला असता तर एक वेळ समजलं असतं. मी माझ्या आरामासाठी पाळला, आणि वर देवाचं नाव लावलं.

आणि त्या फोनच्या पलीकडे तू होतास. बाबांनी ज्याच्यासाठी गाडी काढली होती, तो. रिसीव्हर कानाला लावून उभा, कोट पेट्यांवर टाकून थंडीत कुडकुडत. दोन वर्षांनी माझ्याशी बोलायला तयार झालास आणि तेही त्यांच्या पोरांसाठी. मला ते कळलं असतं तर मी खिडकीतून उडी मारून फोन उचलला असता. पण असं कळून उचलण्यात काय आहे? न कळता उचलायचं होतं, तेच तर रब्बींनी सांगितलं होतं.

तू हसलास, हे सर्वांत लागलं. ओरडला असतास तर बरं झालं असतं.

मी रब्बींकडे जाऊन खरं सांगितलं. ते म्हणाले, "मला रागवायला जमत नाही हो, आणि आज जमायला हवं होतं." त्यांचे डोळे भरले होते, आणि या वेळी ते सर्दीने नव्हते.

पेट्यांतल्या बाटल्या एकेक करून उजेडात धरून पाहिल्या. सगळ्या गढूळ. तू बर्फ थापलास तरी परतीचा रस्ता लांब होता. सुताराने कप्पे इतके बेताचे केले होते, की एकही बाटली फुटली नव्हती. तो शेजारी उभा होता. मी त्यालाही सांगितलं. त्याने माझ्या हातातली पेटी घेतली आणि मोरीवर नेऊन धुवायला लागला.

ताई

२८ डिसेंबर, रविवार

धाकट्या,

तू माझं मागचं पत्र वाचलंस की नाही, माहीत नाही. तुझ्या बायकोचं पोस्टकार्ड आलं. गुडघा बरा आहे, मलम संपलं, एवढंच. तुझ्याबद्दल अक्षर नाही. पण खाली एक ओळ खोडली आहे. मी ती उजेडाला धरून वाचायचा प्रयत्न केला. नाही लागली. मलम पाठवलंय.

नर्सचा निरोप आला. मी तिला ड्रायव्हरच्या फोनवरून सगळं लिहून पाठवलं होतं, ड्रॉवरचं खोटं न घालता. विचारलं होतं, मुलं कशी आहेत. तिने उत्तर दिलं, "पुन्हा पाठवा. बर्फ जास्त घाला." मी परत विचारलं, मुलं कशी आहेत. तिने लिहिलं, "स्वेटर छान होते." तिसऱ्यांदा विचारायची माझी हिंमत झाली नाही. ती सांगत नाही, म्हणजे काय ते मला कळतं आणि कळत नाही. आता जन्मभर हे असंच राहणार. औषधाच्या दुकानात माझी हयात गेली, इन्सुलिन न मिळालेल्या मुलाला काय होतं हे मला कुणी सांगायला नको. आधी तहान लागते, खूप. मग ते मूल झोपाळू होतं. पुढचं लिहीत नाही.

पूर्वी मी मुलांची नावं वाचायची ती दुसऱ्यांनी मारलेल्या. आपल्या बॉम्बने असली तरी बॉम्ब काही मी टाकला नव्हता. उभं राहून वाचताना माझा आवाज कसा खणखणीत असायचा, तू ऐकलायस. गेल्या शुक्रवारी चौकात पाटी धरायला गेले, तर हात वर होईना. इतिहासाच्या बाईंनी एका बाजूने धरली. समोरून एक माणूस नेहमीसारखं ओरडला, "लाज नाही वाटत?" मी म्हटलं, "वाटते." तो गोंधळून निघून गेला.

तू दाराशी विचारलेलं परवा आठवलं. माझ्या पोराच्या शेजारी त्यांना बसवलंस? ते मी अजूनही बसवीन. पण तू विचारत होतास तेव्हा तुझा आवाज फाटला होता, आणि मी उत्तर द्यायच्या घाईत तो ऐकलाच नाही. फोनचं ऐकलं आणि उचलला नाही, तुझं तर ऐकलंही नाही. लंबू लहानपणी दुकानात येऊन ग्लुकोजच्या डब्यात बोट घालायचा आणि मी पाहिलं की म्हणायचा, "आत्या, मी नव्हतो, बोट होतं." हल्ली रोज आठवतं. मला वाटतं, त्याने हा फोन उचलला असता.

आता पुढचं. दुसरा ट्रक जानेवारीच्या मध्याला निघतोय. मदतीच्या गाड्यांसाठी नाका आता फक्त शनिवारी उघडणार, असा हुकूम आलाय. म्हणजे शब्बाथलाच. रब्बींना विचारलं, मी ट्रकबरोबर गेले तर? सही करणारी समोरच असली तर फोनचा प्रश्न येणार नाही. ते म्हणाले, "जा. परवानगी मागू नका, आज्ञा समजा." मग नाक ओढून म्हणाले, "येताना मात्र तीन तारे दिसल्याशिवाय गाडीत बसू नका. तुमच्या वडिलांसारखं पायी यायला अंतर फार आहे." तेवढं आम्ही दोघेही हसलो.

म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा मी शब्बाथला गाडीत बसेन, ट्रकच्या पुढच्या सीटवर, ड्रायव्हर आणि स्वेटरच्या गठ्ठ्याच्या मधे. शुक्रवारी संध्याकाळी वाटेत कुठेतरी मेणबत्त्या लावाव्या लागतील. ड्रायव्हर म्हणाला, डॅशबोर्डवर लावा, मी हळू चालवतो. मी म्हटलं, तू नीट चालव, मी रस्त्याकडेला लावीन.

शनिवारी सकाळी मी तुझ्या नाक्यावर असेन. गाडी सुटली की तीन तारे दिसेपर्यंत मला तिथेच वेळ काढायचा आहे. मी तुझ्या दारात येणार नाही. तू फोन केलास आणि मी घेतला नाही, तेव्हा दार वाजवायचा हक्क माझ्याकडे राहिलेला नाही. तुझ्या बादल्या नाक्यावरच आहेत, असं ड्रायव्हर म्हणतो. त्या मी धुऊन ठेवीन.

प्रवास मोठा आहे आणि नर्सने सांगितलंय, बर्फ जास्त घाला. निघताना घातलेला नाक्यापर्यंत कितपत टिकेल, शंका आहे. नव्याने घालावा लागेल.

इथे मी लिहिणार होते, की तू नाही आलास तरी चालेल. पण आता खोटं लिहायचं नाही, असं ठरवलंय.

नाही चालणार. बर्फ घेऊन ये.

ताई